अप्रेंटिसशिपचं वर्ष वाया जातं का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड झालाय, वय १९. एसटीच्या विभागात अप्रेंटिस म्हणून नाव लागण्यासारखं आहे, पण हातात सात-आठ हजार येणार आणि वर्षानंतर नोकरीची हमी नाही. दुसरीकडे हायवेवरच्या ट्रक गॅरेजचा मालक वडिलांच्या ओळखीचा. तो म्हणतो उद्यापासून ये, १२ हजार देतो. घरच्यांचं म्हणणं, गॅरेजला जा, वर्ष कशाला वाया घालवतोस? तुला जड वाहनांचंच काम शिकायचंय आणि निर्णय होत नाहीये.

मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. मी १९९१ साली आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालो. त्यानंतर एसटीच्या विभागीय कार्यशाळेत एक वर्ष अप्रेंटिस होतो, पुढं नऊ वर्षं खासगी ट्रक गॅरेजमध्ये काढली आणि आता बरीच वर्षं ट्रक-बसच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये आहे. दरवर्षी चार-सहा अप्रेंटिस माझ्या हाताखाली येतात. म्हणजे तू ज्या दोन्ही दारांपुढं उभा आहेस, त्या दोन्हींतून मी आत गेलोय.

आधी पैशाचं बोलून टाकू. महिन्याला चार-पाच हजारांचा फरक म्हणजे वर्षाला ५०-६० हजार. ही रक्कम लहान नाही. घरात आजारपण असेल, कर्जाचा हप्ता थकला असेल, बहिणीची फी तुझ्यावर असेल, तर माझं पुढचं सगळं वाचूनही गॅरेजला जा, त्यात काही चुकीचं नाही. पण घर वडिलांच्या कमाईवर चालत असेल आणि तुझा पगार वरखर्चाला लागणार असेल, तर हा फरक बाजूला ठेव. या धंद्यात चांगला हात बसलेला माणूस आणि नुसता पार्ट बदलणारा माणूस यांच्या पगारात पाच-सात वर्षांनी जो फरक पडतो, त्यापुढं हे ५०-६० हजार काहीच नाहीत.

आणि खरा प्रश्न तिथंच आहे. एसटी की गॅरेज, हा तो प्रश्न नव्हे. वर्षानंतर एखादी बंद गाडी पुढ्यात उभी राहिली, ड्रायव्हर म्हणाला "चढाला ओढत नाही", तर बिघाड कुठं आहे हे तुझं तुला शोधता येईल का? की कुणी "हे खोल, ते बदल" सांगेपर्यंत पाना हातात घेऊन थांबशील? ज्या जागी पहिली गोष्ट शिकायला मिळेल, ती जागा तुझी.

शोधायला शिकणं म्हणजे काय, ते मला एका फोरमननी शिकवलं. अप्रेंटिसशिपचा पहिला महिना त्यांनी मला एकच काम दिलं. सकाळी कार्यशाळेत उभ्या असलेल्या प्रत्येक बसच्या हवेच्या टाक्यांचं पाणी काढायचं. बसच्या, ट्रकच्या ब्रेकला हवा लागते हे तुला आयटीआयत शिकवलंय. कॉम्प्रेसर हवा दाबतो, हवेतली वाफ टाकीत गार होऊन पाणी होते, ते खालच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचं. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं, हे कसलं शिक्षण? आठवडाभरानं फोरमन आले आणि म्हणाले, "पाणी जमिनीवर सोडू नको, तळहातावर घे."

घेतलं. पहिल्या बसचं पाणी स्वच्छ. दुसरीचं तांबूस, म्हणजे टाकी आतून गंजायला लागलेली. तिसरीतून आलं ते पाणी नव्हतंच. ताकासारखं पांढरट, चिकट, आणि वास जळक्या ऑइलचा. फोरमननी विचारलं, "हवेत ऑइल कुठून आलं?" मी गप्प. म्हणाले, "विचार कर, दुपारी सांग." दुपारपर्यंत मी कॉम्प्रेसरचं चित्र काढत बसलो होतो. कॉम्प्रेसरलाही पिस्टन असतो, पिस्टनला रिंगा असतात, रिंगा झिजल्या की इंजिनाचं ऑइल वर चढतं आणि हवेबरोबर टाकीत जातं. तिथून पुढं व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्व्हमधलं रबर ऑइलनं फुगतं, मग ब्रेक सोडला तरी चाक मोकळं व्हायला उशीर लागतो, ड्रम तापतो, लायनर जळतो. म्हणजे "मागचं डावं चाक तापतंय" या तक्रारीचं मूळ पुढं इंजिनाजवळ असू शकतं. तळहातावरच्या चमचाभर पाण्यानं हे सगळं सांगितलं होतं. आजही ब्रेकच्या तक्रारीची गाडी आली की मी आधी टाकीचं ड्रेन उघडतो.

गॅरेजमध्ये असा महिना कुणी देणार नाही. द्यायची इच्छा असली तरी परवडत नाही. गाडी उभी राहिली की मालकाचं भाडं बुडतं, ड्रायव्हर डोक्यावर बसलेला असतो, मिस्त्रीला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते. मग संशय येईल तो पार्ट बदलायचा, गाडी सुटली तर ठीक, नाही तर पुढचा पार्ट. मी ज्या गॅरेजमध्ये होतो तिथं एक दहाचाकी आली होती, चढाला ओढत नव्हती, काळा धूर टाकत होती. आमच्याकडं यायच्या आधी मालकानं एअर फिल्टर बदलला होता, इंजेक्टर दुरुस्त करून आणले होते. आमच्या मिस्त्रीनं टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, बदलायला लावला. गाडी तशीच. तिसऱ्या दिवशी इंजिन बंद असताना मी टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणाऱ्या रबरी होजच्या खालून हात फिरवला. हाताला ओशट धुळीचा पट्टा लागला. आरसा धरून बघितलं तर खालच्या बाजूला वीतभर चीर. गाडी उभी असताना चीर मिटलेली, म्हणून आवाज नाही. लोड आला, टर्बोनं दाब दिला की चीर उघडायची, हवा बाहेर, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. एक होज आणि दोन क्लॅम्प. मालकाचे टर्बोचे पैसे मात्र गेले ते गेलेच. ते मनाला फार लागलं, कारण तो स्वतः गाडी चालवणारा माणूस होता.

आता गॅरेजवर अन्याय नको. जे हात चालतात ते गॅरेजमध्येच. क्लच प्लेट, हबचं ग्रीसिंग, कमानीचे पाटे, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ही कामं तिथं वर्षात इतक्यांदा होतात की डोळे मिटून करशील. रस्त्यावर, पावसात, टॉर्चच्या उजेडात गाडी कशी सोडवायची, हे गॅरेजवाल्याइतकं कुणाला येत नाही. आणि काही मिस्त्री असे असतात की त्यांच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी शिकायला मिळतं. तुझ्या वडिलांच्या ओळखीचा मालक स्वतः मिस्त्री असेल, पोरांना कारण सांगत असेल, तर माझं पारडं तिकडंही झुकेल. उलट अप्रेंटिसशिपही वाया जाऊ शकते. वर्षभर झाडलोट, चहा आणणं आणि स्टोअरमधून पार्ट वाहणं, एवढंच करून प्रमाणपत्र घेऊन गेलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना साधा टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, सेट करता येत नव्हता.

म्हणून दोन्ही जागा आधी डोळ्यांनी बघून ये. एखादा अर्धा दिवस जा, बोलू नको, बघ. पाने भिंतीवर जागच्या जागी आहेत की जमिनीवर पसरलेत? गाडी उचलल्यावर खाली घोडी लावतात की नुसत्या जॅकवर काम करतात? ठरलेल्या जोरानं नट आवळायची टॉर्क रेंच आहे का, आणि असेल तर तिच्यावर धूळ आहे का? इंजिन उघडलेलं असेल तर त्याचे भाग ओळीनं मांडलेत की एकाच ट्रेमध्ये टाकलेत? मग तिथल्या सध्याच्या पोरांना बाजूला घेऊन विचार: "गेल्या महिन्यात काय काय उघडलंस?" त्या उत्तरात सगळं कळतं. साहेबाला विचारशील तर सगळेच चांगलं सांगतील.

एसटीत जायचं ठरलं तर आणखी एक गोष्ट समजून घे. आगार आणि विभागीय कार्यशाळा यांत शिकायला वेगवेगळं मिळतं. आगारात रोजची देखभाल: आलेल्या गाडीची तपासणी, ब्रेक सेटिंग, टायर, हवा गळती, लाइट-वायरिंग, आणि ब्रेकडाऊनला धावणं. कार्यशाळेत मोठी कामं: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल उतरवून उघडणं, गाडी आरटीओ पासिंगला तयार करणं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बस बांधणीचं काम जास्त, म्हणजे बॉडी. तुला इंजिन-ब्रेकचं शिकायचं असेल तर विभागीय कार्यशाळा मागून घे. आगार मिळालं तरी नाराज होऊ नको, कारण बिघाड शोधायला आगारासारखी जागा नाही. तिथं गाडी चालत येते, तक्रार घेऊन येते. कार्यशाळेत ती आधीच उघडलेली असते. वर्षात काही महिने इकडं, काही महिने तिकडं मिळाले तर सगळ्यात चांगलं. विचारायला संकोच करू नको, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

पासिंगच्या कामाला पोरं कंटाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी गाडी तयार करताना पुढच्या दिव्यापासून मागच्या मडगार्डपर्यंत सगळं एकदा हाताखालून जातं. माझ्या वर्षात मी अशा पंचवीसेक गाड्या केल्या असतील. स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाई, किती चालतो, पुढचं चाक ज्यावर वळतं तो किंगपिन झिजलेला कसा ओळखायचा, हे तिथंच पक्कं झालं.

कायद्याचं थोडक्यात. अप्रेंटिसशिप १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली चालते. कायद्याच्या नजरेत तू कामगार नसतोस, शिकाऊ असतोस. म्हणून पगार नव्हे, विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी ते दरमहा किमान ७,००० रुपये ठरवलं होतं. करारावर सही करताना त्या वेळी लागू असलेला आकडाच लिहिलाय का ते तपास. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत बसणारी आस्थापना असेल तर विद्यावेतनातला २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा वाटा केंद्र सरकार देतं आणि तो थेट तुझ्या बँक खात्यात येतो. म्हणून खातं आधारला जोडलेलं पाहिजे. इथं बऱ्याच पोरांचे पैसे अडकतात.

करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदलेला असायलाच हवा. नोंद नसेल तर तू कितीही दिवस काम केलंस तरी ते अप्रेंटिसशिपमध्ये धरत नाहीत. "आधी ये, कागद नंतर करू" असं कुणी म्हटलं तर तिथंच थांब. शंका असेल तर जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात जा, अप्रेंटिसच्या कामासाठीच ते आहे. वर्षाच्या शेवटी परीक्षा होते, ती पास झालास की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. मधेच सोडलंस तर ते मिळत नाही, आणि तेव्हा घरचे म्हणतात तसं वर्ष खरंच वाया जातं.

नोकरीची हमी नाही, हे तू म्हणतोस ते बरोबर आहे. कायद्यानं कुणावर तशी सक्ती नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकानं शिकवून तयार केलेल्या अप्रेंटिसच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं असतं, इतकंच. पण १९९५ साली उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. म्हणजे भरती निघाली तर तुझं पारडं थोडं जड. भरती कधी निघेल हे मात्र कुणाच्या हातात नाही, त्या आशेवर दोन-तीन वर्षं घरी बसू नको.

एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांग. अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर कामगारासारखीच नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. गॅरेजमध्ये हजेरीवर नावच नसलेल्या पोराचं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. त्यावरून सुरक्षेचं बोलतो, आणि हे नीट वाच.

जड वाहन म्हणजे हलक्या वाहनाची मोठी आवृत्ती नव्हे. इथं चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. मागच्या चाकाला जो दुहेरी ब्रेक चेंबर असतो, त्याच्या मागच्या भागात हँडब्रेकची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा गेली की ती स्प्रिंगच ब्रेक लावते. त्या स्प्रिंगचा जोर माणसाला आवरणारा नाही. रिलीज बोल्टनं स्प्रिंग बांधल्याशिवाय त्या चेंबरचा क्लॅम्प सोडायचा नाही, आणि बांधली तरी आतला भाग उघडायचा नाही, सगळा चेंबर बदलायचा. आमच्या शेजारच्या गॅरेजमधल्या एका पोरानं गंजलेला क्लॅम्प हातोड्यानं सोडवला. झाकण त्याच्या छातीला चाटून छताच्या पत्र्यात गेलं. तो वाचला, पण त्यानंतर त्यानं काम सोडलं.

तसंच टायर. ट्रकच्या टायरात १०० पीएसआयच्या वर हवा असते. काही रिमना टायर धरून ठेवणारी सुटी लॉक रिंग असते, ती नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटून येते. पिंजऱ्यात ठेवून भर, लांब पाइपनं भर, समोर उभा राहू नको, आणि रिंग हातोडीनं ठोकत हवा भरणाऱ्या माणसाजवळ थांबूही नको. टिप्परची ट्रॉली उचललेली असेल तर टेकू लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, मग उस्ताद कितीही घाई करू दे. केबिन उलटवली की लॉक बसलाय का हे हातानं हलवून बघ. नव्या इंजिनांत कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतला, दाब १,६०० बारच्याही वर जातो. चालू इंजिनाची ती लाइन सैल करायची नाही आणि गळती हातानं शोधायची नाही, पुठ्ठा धर. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक दवाखाना गाठावा लागतो.

ज्या जागी हे नियम पाळले जात नाहीत, तिथं १२ काय, २० हजार मिळाले तरी जाऊ नको.

आता वर्ष हातात आल्यावर काय करायचं. पहिले दोन महिने धुणं, ग्रीसिंग, तपासणी मिळेल. ते मनापासून कर. गाडी धुताना गळती दिसते, ग्रीस भरताना कुठल्या जॉइंटमध्ये ढिलाई आहे ते हाताला कळतं. मग ब्रेक माग. स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई काढायचा भाग) घट्ट करून एवढे फेरे मागं, हे सगळे शिकवतील. तू पुढं जा: ब्रेक दाबल्यावर चेंबरचा रॉड किती बाहेर येतो ते पट्टीनं मोज, एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचं माप लिहून ठेव. दोन्हींत फरक असेल तर गाडी एका बाजूला का ओढते, ते तुला ड्रायव्हरच्या आधी कळेल. चाक बसवलं की नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि गाडी ५०-१०० किलोमीटर चालून आली की पुन्हा आवळायचे. हे दुसरं आवळणं अर्धे लोक विसरतात. चाक निघून गेल्याच्या बातम्या त्यातूनच येतात.

आणि वही ठेव. करारात लॉगबुक लिहायला लावतात ती वेगळी, ती साहेबाच्या सहीसाठी. ही तुझी. रोज एक गाडी: तक्रार काय होती, तुला आधी काय वाटलं, शेवटी काय निघालं. मधला रकाना सगळ्यात मोलाचा. आपला अंदाज कुठं चुकला हे लिहिल्याशिवाय लक्षात राहत नाही. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो. सहा महिन्यांनी ज्याची वही भरलेली असते, त्याला मी एकट्याला ब्रेकडाऊनला पाठवतो. ज्याची कोरी असते, त्याला जोडीशिवाय पाठवत नाही.

वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सवर वेळ घाल, कारण पुढचं काम तिथंच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि तुझ्या आयटीआयतल्या इंजिनापेक्षा आजचा ट्रक बराच वेगळा झाला. सायलेन्सरच्या जागी काजळी पकडणारा फिल्टर, ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ती टाकी, जागोजागी सेन्सर. स्कॅनर लावला की कोड येतो, आणि बहुतेक जण कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो सेन्सर बदलून टाकतात. हा तोच जुना टर्बोचा किस्सा, फक्त नव्या कपड्यात. कोड एवढंच सांगतो की सिग्नल चुकीचा येतोय. सेन्सर खराब आहे, वायर तुटलीय, की सॉकेटमध्ये पाणी गेलंय, हे तू मल्टिमीटरनं शोधायचं.

एक उदाहरण देतो. गाडीतले छोटे कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिट, कॅन नावाच्या दोन तारांच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात. त्या जोडीच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजलंस तर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर तारा एकमेकींना चिकटल्यात. परवा एका बसचा डॅशबोर्ड मधेच बंद पडायचा. मालक नवीन कंट्रोल युनिट मागवायच्या बेतात होता. माझ्या अप्रेंटिसनं मोजलं, १२० आलं. तो तारेबरोबर सरकत गेला आणि चेसिसच्या मधल्या सॉकेटमध्ये हिरवी पडलेली पिन त्याला सापडली. पोरगं तुझ्याच वयाचं, सात महिने झालेत त्याला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

इलेक्ट्रिक बसचंही तुला माहीत असेल. एसटीची पहिली शिवाई १ जून २०२२ ला पुणे-नगर धावली, ज्या मार्गावर १९४८ च्या १ जूनला पहिली एसटी सुटली होती. त्या गाड्यांचं काम बघायला मिळालं तर जरूर बघ, पण नारिंगी केबलला वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यात बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज असतं. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, हवा हे सगळं तिथंही लागतंच, त्यामुळे आज शिकलेलं फुकट जाणार नाही.

मग मी तुझ्या जागी असतो तर? घरची अडचण नसेल तर एसटीचं वर्ष घेतलं असतं, आणि सुट्टीच्या दिवशी त्या ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो असतो. मालकाला आजच सांग, "काका, वर्षभर शिकून येतो, मग तुमच्याकडं येतो." चांगला माणूस असेल तर तो खूश होईल, कारण शोधता येणारा मेकॅनिक त्यालाही हवाय. तिसरी वाटही विचारून बघ: तुझ्या जिल्ह्यात ट्रक कंपन्यांची अधिकृत वर्कशॉप असतील. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना कायद्यानं अप्रेंटिस घ्यावेच लागतात. तिथं नव्या गाड्या आणि स्कॅनर जास्त मिळतात, पण जुनी गाडी उघडायला कमी मिळते. एसटीत विभागीय कार्यशाळा नाही मिळाली आणि आगारही फार लांबचं मिळालं, राहण्या-जेवण्यातच विद्यावेतन संपणार असेल, तर ही तिसरी वाट मी आधी धरीन.

घरची अडचण असेल तर गॅरेजला जा, पण वही तीच ठेव आणि मालकाला हजेरीवर नाव लावायला सांग. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

आगाराचं नाव पक्कं झालं की कळव. आणि जायच्या आधी बूट घे, जाड तळव्याचे, पुढं लोखंडी टोपी असलेले. चपलेवर आलेल्या पोराला मी गाडीखाली जाऊ देत नाही. चांगला फोरमन असेल तर तोही देणार नाही.